मासे मागाहून, आधी टाकी मुरू द्या

काचेची नवी टाकी घरी आली, धुऊन-पुसून लख्ख केली, तळाला वाळू पसरली, वर नितळ पाणी भरले, की आपल्याला वाटते, झालं काम! आता मासे सोडायचे. बहुतेक घरी असेच होते. संध्याकाळी टाकी येते आणि त्याच संध्याकाळी पिशवीतले मासेही येतात. दोन-तीन दिवस मासे मजेत फिरतात. मग एखादा सारखा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. दुसरा कोपऱ्यात बसून राहतो, खाद्य टाकले तरी वळून बघत नाही. आठ-दहा दिवसांत एकेक मासा उलटा तरंगायला लागतो. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, "दुकानदारानं आजारी मासे दिले." कुणी म्हणते, "नजर लागली." कुणी म्हणते, "आपल्या घराला मासे लाभतच नाहीत."

'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण नव्या टाकीला तंतोतंत लागू पडते. पुष्कळदा मासे चांगले असतात, नजरही लागलेली नसते. टाकी कच्ची असते, एवढेच. लोणचे जसे घातल्या दिवशी खात नाहीत, मुरू देतात, तशी माशांची टाकीही मुरू द्यावी लागते. इंग्रजीत याला टाकी 'सायकल करणे' म्हणतात. सायकल म्हटले की आपल्याला दोन चाकांची आठवते, आणि पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई! पण इथे सायकल म्हणजे चक्र, नत्राचे चक्र. ते कसे फिरते ते आता पाहू.

मासा जेवतो तिथेच घाण करतो

मासा अन्न खातो, श्वास घेतो, मलमूत्र टाकतो, सगळे त्याच पाण्यात. अन्नातल्या प्रथिनांत नत्र असतो. शरीरात प्रथिने वापरली गेली की उरलेला नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. माशाच्या बाबतीत तो मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. शिवाय न खाल्लेले खाद्य तळाला कुजते आणि त्यातूनही अमोनिया तयार होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही तर नाकाला झोंबणारा वास येतो ना? तोच हा अमोनिया. माशांना तो विषारी आहे. त्याने कल्ले भाजल्यासारखे लाल होतात आणि मासा गुदमरतो.

नदीत किंवा तलावात माशापाठीमागे भरपूर पाणी असते, त्यामुळे अमोनिया साठत नाही. आपल्या टाकीत किती असते? गणित करा. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच असेल, तर घनफळ ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. वाळूची जागा आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ४५ लिटर. एका लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया झाला तरी माशांचे हाल सुरू होतात. ४५ लिटरला होतो ९० मिलिग्रॅम. एक चिमूट मीठसुद्धा त्याहून जास्त भरेल! एवढासा अमोनिया पाण्यात दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ असते आणि मासा मात्र तडफडतो. स्वच्छ दिसणारे पाणी वेगळे आणि माशाला मानवणारे पाणी वेगळे, हे पहिले लक्षात ठेवायचे.

न दिसणारे सफाई कामगार

मग जुन्या टाकीतले मासे का मरत नाहीत? कारण तिथे सफाई कामगार कामावर असतात. हे कामगार म्हणजे जिवाणू. डोळ्यांना ते दिसत नाहीत. काचेवर, वाळूच्या कणांवर आणि सगळ्यात जास्त म्हणजे गाळणीच्या स्पंजात ते चिकटून राहतात.

त्यांच्या दोन टोळ्या असतात. पहिली टोळी अमोनिया घेते आणि त्याचे नायट्राइट करते. पण नायट्राइटही विषच. ते माशाच्या रक्तात शिरले की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि त्याचा रंग तपकिरी होतो. पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो. सुदैवाने दुसरी टोळी हे नायट्राइट घेते आणि त्याचे नायट्रेट करते. नायट्रेट थोडे साठले तरी मासे सहन करतात, आणि पाणवनस्पतींना तर ते खतच आहे. उरलेले नायट्रेट आपण दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकतो. दोन्ही कामे एकटाच करणारा जिवाणूही असतो, असे शास्त्रज्ञांना २०१५ साली आढळले. तो ज्या ठिकाणी सापडला, त्यातले एक ठिकाण होते मासे पाळण्याच्या यंत्रणेतली पाण्याची गाळणी!

या कामगारांना प्राणवायू फार लागतो. अमोनियातल्या एक ग्रॅम नत्राचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. म्हणून टाकीत बुडबुडे सोडणारा पंप केवळ शोभेसाठी नसतो. तो माशांसाठी असतो तसाच या कामगारांसाठीही असतो.

शेतकऱ्याच्या ओळखीचे चक्र

आपल्या पालकांना ही गोष्ट नवी वाटायला नको, कारण त्यांच्या शेतात हेच रोज चालते. उसाला युरिया टाकला की मातीत त्याचा अमोनिया होतो आणि मग असेच जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पिकाची मुळे बराचसा नत्र नायट्रेटच्या रूपाने घेतात. नायट्रेट फार लवकर तयार झाले तर ते पाण्याबरोबर खाली वाहून जाते आणि खत फुकट जाते. म्हणून शेतकरी युरियाला निंबोळी पेंड चोळून टाकत आले आहेत. कडुनिंबाने या जिवाणूंचे काम मंदावते आणि खत पुरवून पुरवून वापरले जाते. २०१५ सालापासून तर देशात तयार होणारा सगळा शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकायचा, असा सरकारी नियम आहे. शेतात आपण या कामगारांना म्हणतो, "जरा दमानं!" आणि टाकीत म्हणतो, "लवकर या!"

वाहून गेलेले नायट्रेट विहिरीत उतरते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट असावे असे भारतीय मानक आहे. जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घातले, तर माशाचे होते तसेच बाळाच्या रक्ताचे होऊ शकते. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही.

वीस दिवसांचा प्रयोग

अमोनियाचे नायट्रेट होते हे लोकांना आधीपासून माहीत होते. पण ते आपोआप होते की कुणी करते, हे ठाऊक नव्हते. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी १८७७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काचेच्या लांब नळीत वाळू आणि खडूची पूड भरली आणि वरून सावकाश सांडपाणी सोडले. खालून येणारे पाणी ते रोज तपासत. एक दिवस गेला, आठवडा गेला, दोन आठवडे गेले. अमोनिया जसाच्या तसा! वीस दिवसांनी मात्र खाली नायट्रेट येऊ लागले. वाळू तीच, खडू तोच, पाणीही तेच. मग वीस दिवस का लागले? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडले. काम बंद पडले. नंतर थोडे मातीचे पाणी टाकले. काम पुन्हा सुरू झाले. गुंगीच्या औषधाने थांबणारे आणि मातीच्या विरजणाने पुन्हा चालू होणारे काम सजीवांचेच असणार, हे त्यांनी ओळखले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

आपली नवी टाकी म्हणजे तीच वाळूची नळी आहे.

दही एका रात्रीत, टाकीला महिना का?

विरजण लावले की दही सकाळी तयार असते. कारण दह्याचे जिवाणू उबेत भराभर वाढतात. टाकीतले जिवाणू मात्र सावकाश वाढतात. त्यांना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. रोज दुप्पट धरले, तर एकाचे दोन, दोनाचे चार असे करत दहा लाख व्हायला वीस दिवस लागतात. पाटीवर करून पाहा. त्यात पहिल्या टोळीने नायट्राइट तयार केल्याशिवाय दुसऱ्या टोळीला खायलाच मिळत नाही. म्हणून सगळे जमून यायला चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत त्याहूनही जास्त, कारण पुण्याकडे पौष-माघात रात्री पाणी चांगलेच गार पडते आणि जिवाणू सुस्तावतात. त्यांना २५ ते ३० अंश तापमान मानवते.

कृती

१. टाकी मजबूत टेबलावर ठेवा. ५४ लिटर पाणी म्हणजे ५४ किलो, त्यात काच आणि वाळू वेगळी! खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका, नाहीतर काचेवर हिरवे शेवाळ माजते.

२. वाळू साध्या पाण्याने खळखळून धुवा. साबण, सोडा, धुण्याची पावडर अजिबात नको.

३. पाण्यातला क्लोरीन घालवा. पुणे शहराला खडकवासल्याचे पाणी क्लोरीन घालूनच येते आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात. ती रोगजंतू मारायलाच टाकतात, पण आपले कामगारही तिने मरतात. तोंड मोठे असलेल्या भांड्यात पाणी एक दिवस उघडे ठेवावे, मग वापरावे. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात.

४. हवेचा पंप आणि स्पंजची गाळणी लावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, म्हणजे वीज गेली तर नळीतून पाणी उलटे त्यात शिरणार नाही. विजेचे काम मोठ्या माणसानेच करायचे. पंप रात्रंदिवस चालू हवा, रविवारीसुद्धा.

५. आता टाकीत मासा नसताना रोज एक लहान चिमूट मासेखाद्य टाका. मासा नाही तर खाद्य कुणाला? कामगारांना! खाद्य कुजून अमोनिया होईल आणि पहिली टोळी जेवायला बसेल. ढीगभर टाकू नका, नाहीतर नुसती दुर्गंधी सुटेल.

६. विरजण लावा. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या, किंवा तिथली मूठभर ओली वाळू आणा. आणताना ती वाळू द्यायची नाही आणि नळाखाली धुवायची नाही. विरजण लावले की महिन्याचे काम बऱ्याचदा लवकर होते. दुकानात बाटलीतले जिवाणूही मिळतात. काही बाटल्या उपयोगी पडतात, काही पडत नाहीत. म्हणून बाटली ओतली तरी तपासणी केल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

वहीत नोंद ठेवा

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासायचे थेंब मासेवाल्याच्या दुकानात मिळतात. छोट्या नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. एका दिवसाआड दोघांनी मिळून हे करावे आणि आकडे वहीत लिहावेत. साधारणपणे असे दिसेल:

पहिला आठवडा: अमोनिया चढतो. नायट्राइट शून्य. पाणी कधी कधी दुधासारखे गढूळ होते. घाबरू नका, आपोआप निवळते.

दुसरा-तिसरा आठवडा: अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढते. म्हणजे पहिली टोळी कामाला लागली.

चौथ्यापासून सहावा आठवडा: नायट्राइटही उतरते, नायट्रेट चढते. दुसरी टोळी आली.

रोज खाद्य टाकूनही सलग आठ दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट मात्र दिसते आहे, असे झाले की टाकी मुरली म्हणायची. कॅलेंडरचे दिवस मोजून हे ठरत नाही. कुणाची टाकी तीन आठवड्यांत तयार होते, कुणाची आठ आठवडे घेते. या आकड्यांचा आलेख काढला तर दोन डोंगर दिसतात, आधी अमोनियाचा आणि मग नायट्राइटचा. या दोन डोंगरांच्या पलीकडे मासे सोडायचे.

मासे आणताना

आधी अर्धे पाणी बदला. मग चारच मासे आणा. गप्पी मासे सगळ्यात चांगले. लहान असतात, काटक असतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते ते साचलेल्या पाण्यात सोडते, हे आपल्याला माहीत आहेच. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पींचा हौद असतो. तिथे विचारले तर विकत घ्यायचेही कारण पडणार नाही.

पिशवी आधी टाकीत पंधरा मिनिटे तरंगत ठेवा, म्हणजे पाण्याची ऊब सारखी होईल. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच टाका. दोन आठवडे रोज तपासणी करा. सगळे ठीक असेल तर आणखी चार आणा. एकदम वीस आणले तर कामगार कमी पडतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. स्पंज मळला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. तो नळाखाली धुतला, तर महिनाभर जमवलेले कामगार एका मिनिटात वाहून जातात. पुष्कळ जुन्या टाक्या अशा 'स्वच्छतेनेच' बिघडतात.

शंका आणि उत्तरे

"आमच्या हौदात काही न करता गप्पी जगतात, ते कसे?" कारण हौद आधीच मुरलेला असतो. त्याच्या भिंतींवर शेवाळ आणि जिवाणूंचा थर असतो, पाणी भरपूर असते आणि बाहेरचे खाद्य पडत नाही. तो घाणेरडा दिसतो, पण माशांना तेच घर बरे वाटते.

"बोअरचे पाणी चालेल का?" चालेल, पण जपून. आपल्याकडच्या काळ्या खडकातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी खडकवासल्याच्या पाण्यापेक्षा जड असते आणि पुष्कळदा अल्कधर्मी असते. अल्कधर्मी पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. सामू ७ चा ८ झाला, तर त्याचा विखार सुमारे दहापट होतो.

"वीज गेली तर?" तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. जास्त वेळ गेली तर मगाने टाकीतलेच पाणी उचलून उंचावरून पुन्हा ओतत राहा. त्यातून हवा मिसळते.

"एवढा वेळ थांबायचे, तर मासे टाकूनच टाकी मुरवली तर काय बिघडले?" तसे पूर्वी करत, अजूनही काही लोक करतात. पण मग ते दोन्ही विषांचे डोंगर माशांना अंगावर काढावे लागतात. आपण थांबलो तर आपले फक्त दिवस जातात. मासे थांबू शकत नाहीत, त्यांना त्याच पाण्यात श्वास घ्यायचा असतो.

शाळेसाठी एक विचार

आपल्या शाळेत टाकी ठेवावी असे पुष्कळ जणांना वाटते. टाकीसाठी वर्गणी जमली की पहिल्याच दिवशी मासे आणू नयेत, एवढीच विनंती. जूनमध्ये शाळा भरल्याबरोबर टाकी लावली, तर सात-आठ आठवडे मिळतात, पाणीही उबदार असते. रोज एका मुलाने चिमूटभर खाद्य टाकायचे, दोघांनी तपासायचे, एकाने भिंतीवर आलेख काढायचा. येणारेजाणारे विचारतील, "अरे, टाकीत मासे कुठायत?" तेव्हा आलेख दाखवून सांगायचे, "कामगार आलेत, घर तयार होतंय, मासे मागून येणार."

सगळे नीट जमले तर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी पालक येतील तेव्हा टाकीत चार गप्पी फिरताना दिसतील. आणि सव्वीस जानेवारीला पालक पुन्हा येतील तेव्हाही ते चौघे तिथेच असतील. गप्पी पिल्ले देतात, त्यामुळे तोवर बहुधा चाराचे चाळीस झालेले असतील!